एक्केचाळीस ध्वज, चाळीस कणे

आमच्या भाऊजींच्या तोंडात 'अंदाजे' हा शब्द नाही. 'जवळपास' नाही, 'साधारण' नाही, 'असेल काहीतरी' तर मुळीच नाही. ताईला बघायला आले तेव्हा चहाचा कप हातात धरून ते आमच्या दाराच्या चौकटीकडेच बघत बसले आणि शेवटी माझ्या वडिलांना म्हणाले, "डावीकडून अर्धं बोट खाली बसलीय." वडिलांना वाटलं, मुलगी पसंत नाही म्हणून विषय बदलतोय. पुढे पंचवीस वर्षांनी ते घर विकलं तेव्हा गवंड्याने ओळंबा लावून पाहिलं, तर बरोबर अर्धं बोट. तोवर वडील राहिले नव्हते, नाहीतर त्यांनी हात टेकले असते.

मी त्यांची मेहुणी, राहते त्यांच्याच घरात. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्यांना पुरून उरले. भाऊजींनीच मला ते नोकरीला आहेत त्या कारखान्यात चिकटवलं, त्याला बावीस वर्षं झाली. तिथे राष्ट्रध्वज शिवतात. लांबच लांब खोली, खिडक्यांच्या बाजूने बारा मशिनी आणि मधोमध भाऊजींचं टेबल. टेबलावर स्टीलची पट्टी, एक भिंग, एक कात्री आणि एक शिक्का. तयार ध्वज त्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. एका इंचात दहा टाके हवेत. नऊ भरले की ते काही न बोलता ध्वज परत आमच्या मशिनीवर आणून ठेवतात, आणि ते न बोलणंच जास्त लागतं. समोर आम्ही त्यांना मास्तर म्हणतो आणि पाठीमागे फूटपट्टी. त्यांना ते ठाऊक आहे. एकदा मला म्हणाले, "मेहुणीबाई, फूटपट्टी बारा इंचांची असते. माझी चोवीसची आहे. नाव ठेवायचं तर नीट ठेवा."

ध्वजाच्या एका कडेला जाड पांढऱ्या कापडाची पट्टी असते, जिच्यातून दोरी ओवतात. आमच्याकडे तिला कणा म्हणतात. मी बावीस वर्षं फक्त कणेच शिवले. कण्याबद्दल भाऊजींचा एक नियम होता, आणि तो पुढे आमच्या सगळ्यांच्या गळ्याशी आला, म्हणून नीट सांगते. कणा लागण्याआधी ते नुसतं कापड. त्यावर बसून आम्ही डबे खाल्ले तरी भाऊजी मान वर करत नसत. कणा लागला, मापं झाली, कण्यावर शिक्का बसला, की तो ध्वज. मग त्याला हात लावण्याआधी ते स्वतः नळावर जाऊन हात धुऊन यायचे. आम्हालाही धुवायला लावायचे. भर थंडीत.

आणि ध्वज म्हातारा झाला की उलटा प्रवास. कचेऱ्यांमधून, शाळांमधून फाटलेले, उडून विरलेले ध्वज आमच्याकडे परत येतात. त्यांनी कुणी फरशी पुसू नये, म्हणून ते मानाने जाळायचे, असा सरकारी नियमच आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कारखान्यामागच्या विटांनी बांधलेल्या भट्टीत हे काम चालतं. आदल्या दिवशी भाऊजी एकेका ध्वजाचा कणा कात्रीने कापून पत्र्याच्या डब्यात टाकत. "कणा काढला की ते पुन्हा कापड," ते म्हणत. "ध्वज मी कधीच जाळला नाही. मी कापड जाळतो." डब्यातले कणे आणि रजिस्टरातले आकडे जुळले की मगच शनिवारी काडी ओढायची. धुतलेला शर्ट, चार घड्या घातलेलं कापड, ताठ उभं राहायचं, तोंडातून अक्षर नाही. राख कुंपणाच्या मुळाशी. चौतीस वर्षांत चार हजारांवर ध्वज त्यांनी असे पोहोचवले. नेमका आकडा त्यांना पाठ आहे, मला नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी ठमी. कागदोपत्री तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण लहानपणी गुटगुटीत होती म्हणून आम्ही ठमी म्हणायला लागलो आणि तिशी उलटली तरी ती ठमीच राहिली. कधी शनिवारी बापाबरोबर यायची, भट्टीजवळ त्यांच्यासारखीच ताठ उभी राहायची. मोठी होऊन नर्स झाली, सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात. भाऊजींचा काटेकोरपणा तिने घेतला आणि माझा तापटपणा. अशी मिसळ घरात असली की कधीतरी भडका उडणारच, पण तो असा उडेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या वॉर्डाला सात महिने कुलूप होतं. 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावली होती आणि आत एक खिळासुद्धा ठोकला जात नव्हता. बाळंतिणींना दीड तासाच्या रस्त्यावर दुसऱ्या गावी न्यायचे. एक बाई वाटेतच गाडीत गेली, ठमीच्या मांडीवर डोकं ठेवून. मूल वाचलं. ठमीने अकरा अर्ज केले. प्रत्येक अर्जाची पोच तिच्याकडे आहे, तारखेनिशी. बापाची लेक. उत्तर एकाचंही नाही. मग एके दिवशी दवाखान्याच्या अंगणात खोदकाम सुरू झालं. सगळ्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. ते शंभर फुटी ध्वजखांबाचं काम होतं.

त्या खांबाचा ध्वज आमच्याच कारखान्यात शिवला. एवढा मोठा ध्वज मी जन्मात पाहिला नव्हता, कणाच माझ्या उंचीच्या तिप्पट. आम्ही सगळ्या हरखून गेलो होतो, हे मी कबूल करते. शुक्रवारी दुपारी भाऊजी टेबलावर बसून जुन्या ध्वजांचे कणे कापत होते, दुसऱ्या दिवशीच्या भट्टीसाठी. डावीकडे कणा असलेले, उजवीकडे टोपलीत कणा काढलेले. तेवढ्यात मालकांची हाक आली, मोठ्या ध्वजाची मापं घ्या, ट्रक दारात उभा आहे. भाऊजी उठले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा काम अर्धवट टाकून उठले. त्याच वेळी ठमी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती. ती टेबलापाशी थांबली, चष्मा ठेवला आणि गेली. मला हात करून गेली. मी हसले तिला.

भाऊजी परतले तेव्हा डावीकडे काही उरलं नव्हतं. त्यांना वाटलं, संपलं काम. शनिवारी सकाळी डबा मोजायचा होता, तर मालकांनी सगळ्यांनाच खांबाच्या कार्यक्रमाला नेलं. भट्टी पुढे ढकलली गेली.

कार्यक्रमात काय झालं ते मी चाळीस पावलांवरून पाहिलं. ध्वज वर गेला, टाळ्या झाल्या, पाहुणे खुर्च्यांकडे वळले. ठमी नर्सच्या कपड्यांत खांबाच्या पायथ्याशी गेली. पिशवीतून काहीतरी काढलं. मला आधी वाटलं, अर्ज क्रमांक बारा. मग धूर दिसला.

"आता तरी त्या कुलपाकडे बघा," एवढंच ती म्हणाली. मग धावपळ, आरडाओरडा, पोलीस. कुणीतरी तिच्या हातातून ते ओढून पायाने विझवलं, म्हणजे जळत्या ध्वजावर बूट ठेवून नाचला, आणि त्याला कुणी काही म्हणालं नाही. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मला फक्त राग आला होता. ठमीचा. बावीस वर्षं मी ज्याला हात धुऊन शिवते ते हिने पेटवलं, या विचाराने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोलिसांच्या गाडीत बसताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं मला अजून डाचतं.

राष्ट्रध्वज जाळला तर आमच्याकडे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे आम्हा ध्वज शिवणाऱ्यांना माहीतच नव्हतं. आम्हाला टाके माहीत.

सोमवारी कारखान्यात बारा मशिनींवर बारा मतं. मालकांचा चेहरा पांढराफटक, पण त्यांनी चोरीची तक्रार केली नाही, हे त्यांचं मानलं पाहिजे. माझ्या शेजारची ओव्हरलॉकवाली, जिच्याशी माझं सख्ख्या बहिणीसारखं, ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझा भाऊ त्यात गुंडाळून घरी आला. सांग मला, ते काय कापड होतं?" मी सुईत दोरा ओवत राहिले. पलीकडची काज करणारी म्हणाली, "पण बाई, ती गाडीत मेली तिला कशात गुंडाळलं?" सकाळी मला वाटायचं, गुन्हा म्हणजे गुन्हा, भोगू दे. दुपारी वाटायचं, कुणाला खरचटलं तरी का? संध्याकाळी घरी ताईचं सुजलेलं तोंड पाहिलं की काहीच वाटायचं नाही.

पाचव्या दिवशी ठमी जामिनावर घरी आली. ताईने तिला कवटाळलं. भाऊजी खुर्चीत बसून होते. त्यांनी विचारलं, "कणा होता का?"

"काय?"

"जो घेतलास त्याला कणा होता का? डावीकडून घेतलास की टोपलीतून?"

"बाबा, पाच दिवस मी कोठडीत होते. तुम्हाला हे विचारायचंय?"

"हेच विचारायचंय."

"हाताला लागला तो उचलला. नाही बघितलं."

"घडी घालताना लागलं असेल हाताला."

"नाही आठवत, बाबा!"

जेवणाचं ताट तसंच टाकून ती आत गेली. ताई भाऊजींवर कडाडली. पण मला कळलं होतं त्यांना काय मोजायचंय ते.

ठमीच्या वकीलबाईंनाही ते दुसऱ्याच दिवशी कळलं. तरतरीत बाई, बोलताना पेन नाचवायची सवय. पोलिसांकडे असलेल्या अर्धवट जळक्या तुकड्याची कण्याची बाजूच जळून गेली होती. भाऊजींचा नियम ऐकून त्या खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे तुमच्या चौतीस वर्षांच्या रीतीप्रमाणे कणा काढलेला तो ध्वजच नव्हे! आणि कणा काढलेला होता की नाही, हे सांगू शकणारे जगात तुम्ही एकटे. मास्तर, तुम्ही एवढंच म्हणा की मी काढला होता. निम्मी केस तिथेच संपते."

"मी चिंधी जाळलेली नाही," ठमी म्हणाली.

"अहो, पण..."

"मी ध्वज जाळला. ती बाई माझ्या मांडीवर मेली, म्हणून जाळला. चिंधी जाळायची असती तर घरात फडकी कमी नव्हती. तीन वर्षं तर तीन वर्षं. पण मी काहीच केलं नाही, असं कुणी म्हणायचं नाही."

"तू गप्प बस," ताई म्हणाली. "तीन वर्षं म्हणजे काय असतं ते तुला माहितेय का?"

वकीलबाईंनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी खिशातून छोटी स्टीलची पट्टी काढली, पाहिली आणि परत ठेवली.

डबा अजून मोजायचा होता. त्या आठवड्यात त्याला कुणी हात लावला नव्हता. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या तेव्हा भाऊजींनी मला टेबलापाशी बोलावलं. डबा उपडा केला. एकेक कणा त्यांनी टेबलाच्या कडेला ओळीने लावला, मी मोठ्याने मोजले. चाळीस. पुन्हा मोजले. चाळीस. मी टेबलाखाली पाहिलं, केरसुणीने मशिनींखालून सगळं ओढून पाहिलं, केराची बादली पालथी घातली. रजिस्टरात त्यांच्याच अक्षरात होतं: आले, एक्केचाळीस.

ठमीने नेला तो ध्वजच होता. कण्यासकट, शिक्क्यासकट.

आणि हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी लगेच म्हणाले, आडपडदा न ठेवता म्हणाले, "भाऊजी, खोटं बोला."

"किती?"

"किती म्हणजे?"

"खोटं किती बोलायचं? नियम खोटा होता म्हणू, की मोजणी खोटी होती म्हणू, की काढला होता म्हणू?"

"भाऊजी, ही मापं घ्यायची वेळ आहे का?"

ते खाली बसले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "मला एक समजत नाही. मी जाळले चार हजार. तिने जाळला एक. काडीपेटी तीच, ती आपल्याच घरातून नेली तिने. मी ताठ उभा राहतो, तीही राहिली असेल. मग फरक कुठे पडला? तुम्ही म्हणाल, मनात. मनात पडला तर पडला, पण मन कशाने मोजायचं? आणि मोजता येत नाही त्याला तीन वर्षं कशी देतात?"

"म्हणजे तिला सोडायला हवं."

"असंही नाही. ओव्हरलॉकवालीचा भाऊ आहे ना." त्यांनी चेहरा चोळला. "मला माझ्याच लेकीचा राग आला होता. अजून आहे. आणि तिने केलं ते बरोबर वाटतं. दोन्ही एकदम. असं होतं का कधी?"

होतं, मी म्हणाले. मला आठवडाभर तेच होत होतं. माझ्यापाशी उत्तर असतं तर मी त्यांना ते फुकट दिलं असतं. मी पुन्हा खोटं बोला म्हणाले, त्यांनी कणे डब्यात भरले आणि झाकण लावलं. मला वाटलं, बोलतील. बाप आहे शेवटी.

खटल्याच्या दिवशी कोर्टाची खोली गच्च भरली होती. वर एक पंखा, तोही आवाज करणारा. न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. ठमी पिंजऱ्यात, साधा सुती ड्रेस, केस घट्ट बांधलेले. सरकारी वकिलांनी भाऊजींना साक्षीला बोलावलं ते अशा थाटात की कारखान्यातला सगळ्यात निष्ठावान माणूस मी तुमच्यापुढे आणतोय. त्यांनी भट्टीचं सगळं विचारून घेतलं. धुतलेला शर्ट, चार घड्या, ताठ उभं राहणं, मौन.

"म्हणजे तुमचं जाळणं आदराचं," सरकारी वकील म्हणाले. "आता आरोपीचं जाळणं पाहू."

कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं, ते पडद्यावर लावलं. मी चाळीस पावलांवरून जे पाहिलं नव्हतं ते आता दिसलं. ठमी खांबाशी येते. पिशवीतून ध्वज काढते. झटकत नाही, फेकत नाही. आडवी घडी, उभी घडी, पुन्हा आडवी, पुन्हा उभी. कडेला कड लावून. मग टाचा जुळवून ताठ उभी राहते, डाव्या हातावर धरते, आणि मग काडी. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

आणि त्या शांततेत भाऊजी, कुणी काही विचारलं नसताना, म्हणाले, "घडी बरोबर आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं. ठमीने पिंजऱ्याची कड पकडली आणि मान खाली घातली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही रडले. कशासाठी ते विचारू नका, मला सांगता येणार नाही.

मग वकीलबाई उठल्या. पेन हातात. कण्याचा नियम त्यांनी भाऊजींकडून कोर्टाला समजावून घेतला. कणा काढला की ते ध्वज राहत नाही, बरोबर? बरोबर. ही रीत चौतीस वर्षांची? चौतीस वर्षं दोन महिने. "तर मास्तर, आरोपीने जे उचललं, त्याचा कणा तुम्ही काढला होता?"

ताई माझा हात धरून बसली होती. तिची नखं माझ्या हातात रुतली.

भाऊजींनी ठमीकडे पाहिलं. ठमीने त्यांच्याकडे पाहिलं. दोघं काय बोलले असतील नजरेने, देव जाणे.

"रजिस्टरात एक्केचाळीस आहेत," भाऊजी म्हणाले. "डब्यात चाळीस कणे आहेत. मोजताना माझी मेहुणी होती."

वकीलबाईंचं पेन थांबलं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "म्हणजे तो ध्वज होता?"

"कणा होता, म्हणजे ध्वज होता. काम अर्धं टाकून मी उठलो, ही चूक माझी आहे, ती लिहून घ्यावी."

"आणि आरोपीने केलं तो अपमान होता, असं तुमचं मत आहे?"

भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं. "ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "घडी बरोबर होती, एवढं सांगता येतं."

चार महिने. बाईंनी निकाल वाचताना सांगितलं की कायदा चांगला की वाईट हे ठरवायला मी इथे बसलेले नाही, तो आहे एवढं मला पाहायचं आहे. हेतू, वय, आधीचं वर्तन, घडी, सगळं धरून चार महिने, कोठडीतले पाच दिवस वजा. वकीलबाई वरच्या कोर्टात जाऊ म्हणत होत्या. ठमी नको म्हणाली. गाडीत चढण्याआधी ती बापाजवळ आली. "तुम्ही चिंधी म्हणाला असतात ना बाबा, तर मी जन्मभर तुमच्याशी बोलले नसते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, आईला जेवायला लाव." या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

ताईचं मात्र उलटं झालं. ती भाऊजींपुढे ताट ठेवते आणि आत जाते. एकदाच बोलली, तेही माझ्याकडे बघून, "यांची पट्टी सरळ राहिली. पोरगी आत गेली." भाऊजींनी पुढचा घास घेतला नाही. कुणाची बाजू घ्यावी? त्या घरात मी दोघांच्या मध्ये उभी, आणि दोघं खरी. दवाखान्याच्या वॉर्डाला कुलूप तसंच आहे. गावभर ध्वजाची चर्चा झाली, कुलपाची कुणी केली नाही. ठमीला भेटायला गेले की ती पहिलं तेच विचारते, आणि मी विषय बदलते.

तिला आत जाऊन तीन आठवडे झाले असतील, कोर्टाचा शिपाई कारखान्यात एक पाकीट आणि एक कागद घेऊन आला. पाकिटावर लाखेची मोहोर. कागदावर लिहिलं होतं, खटल्यातील मुद्देमाल, म्हणजे राष्ट्रध्वजाचा अर्धवट जळालेला भाग, नियमाप्रमाणे सन्मानपूर्वक जाळून नष्ट करावा आणि तसा अहवाल तीस दिवसांत पाठवावा.

मी तो कागद दोनदा वाचला. अर्धा जाळला म्हणून लेक आत, आणि उरलेला अर्धा जाळायची बापाला लेखी ऑर्डर. मला हसू आलं आणि त्या हसण्याची मलाच भीती वाटली.

भाऊजींनी नळावर जाऊन हात धुतले. पाकीट फोडलं. तुकडा टेबलावर पसरला, काळ्या पडलेल्या कडेवरून बोट फिरवलं, आणि त्यांचा हात सवयीने कात्रीकडे गेला. मग थांबला. कणा कापायचा, तर कणा होताच कुठे? तो जळून गेला होता, शिक्क्यासकट, न काढता. आणि न काढता म्हणजे हा अजून ध्वजच होता. याला कापड करायची सोयच उरली नव्हती. चौतीस वर्षांत जे त्यांनी एकदाही केलं नाही ते आता सरकार त्यांना करायला सांगत होतं.

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "याला कणा शिवता येईल?"

"जळक्या कडेला?"

"शिवून द्या. मग मी तो काढतो."

वेडेपणा होता, पण मला तो पटला. मी मशिनीवर बसले. काळी कड सुईखाली भुगा होऊन गळत होती, दोन सुया मोडल्या, तरी मी एका इंचात दहाच टाके घातले. कणा लागला. भाऊजींनी टाके मोजले, मान हलवली, कात्री उचलली, पाती कण्याला लावली. आम्ही बाराही जणी मशिनी थांबवून बघत होतो. ओव्हरलॉकवालीसुद्धा.

त्यांनी कात्री खाली ठेवली. तुकड्याच्या चार घड्या घातल्या आणि तो टेबलाच्या खणात ठेवून वर डबा ठेवला. रजिस्टर उघडून 'आले' खाली एक लिहिला. 'जाळले' ची जागा कोरी सोडली. मग आपले नेहमीसारखे नवीन ध्वज तपासायला लागले.

तीस दिवस झाले तसा कोर्टातून कारकुनाचा फोन आला. मालकांनी फोन भाऊजींच्या हातात दिला. कारकुनाचा आवाज माझ्या मशिनीपर्यंत येत होता, जाळायला अजून किती दिवस लागणार म्हणून.

भाऊजींनी आधी कॅलेंडरवर ठमीच्या सुटकेच्या तारखेकडे पाहिलं, मग खिडकीतून भट्टीकडे. "अंदाजे," ते म्हणाले, "दोन महिने लागतील."

"एवढ्याशा तुकड्याला? का हो?"

"भट्टी ओलावलीय."

भट्टी खडखडीत कोरडी होती. सकाळीच मी तिच्यावर माझं हातपुसणं वाळत घातलं होतं.